अडवलेली खुर्ची

“बाय, हयसर गोलमो आसा,” यमूआत्या दुकानाच्या दारातच थबकली आणि नाक वर करून तिनं पुन्हा एकदा वास घेतला.

गोलमो म्हणजे सुकवलेला बारीक जवळा. दुकान नेरूळचं, आत एसी, मांडण्यांवर कोरियन नूडल्सची पाकिटं, जपानी सॉसच्या बाटल्या, थाई मसाले, आणि समुद्रातलं शेवाळ चक्क पाकिटात घालून विकायला ठेवलेलं. त्या सगळ्या परक्या पसाऱ्यात आत्याच्या नाकानं आपला गोलमो बरोबर हुडकून काढला होता. मागून येणाऱ्या दोन कॉलेजच्या मुली तिच्यामुळे दारात खोळंबल्या. मी तिला दंडाला धरून आत घेतलं. हातातली नायलॉनची पिशवी मात्र ती मला धरू देईना. देवगडहून येताना अख्ख्या प्रवासात ती तिच्या मांडीवरच होती.

“दिगूचे लाडू आसत त्यात,” ती म्हणाली. “तू धांदरट. आपटशीत.”

या गोष्टीला आता पंधराएक वर्षं झाली. मी तेव्हा लग्न होऊन नुकतीच नेरूळला आले होते, आणि घराजवळ हे एशियन खाण्याच्या जिनसांचं दुकान होतं. बोटीवरून निवृत्त झालेले कुरियन नावाचे मल्याळी गृहस्थ ते चालवत. त्या भागात बोटीवर काम करणारी घरं पुष्कळ. बाहेरदेशी चाखलेलं त्यांना इथंही हवं असे, त्यावर दुकान तगून होतं. महिन्यातल्या एका रविवारी कुरियन मधल्या मांडण्या भिंतीला सारत, घडीची टेबलं टाकत आणि कुणातरी एकाला स्वयंपाकाला बोलावत. त्याला ते पॉप-अप म्हणत. माझ्या मते ती सरळ खाणावळ होती, फक्त एका दिवसाची. एकदा सोया सॉस आणायला गेले तर दाराच्या काचेवर पुढच्या रविवारची जाहिरात चिकटवलेली होती. फिलिपिनो जेवण, बनवणार मारिसेल मोंडकर.

मी ते नाव पुन्हा वाचलं. मोंडकर हे यमूआत्याच्या सासरचं आडनाव. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात फिलिपिनो बायको एकट्या दिगूदादाची होती.

घरी येऊन मी बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, “गप्प बस. यमूला यातलं काही कळता कामा नये.” आणि त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःच यमूआत्याला फोन करून सगळं सांगून टाकलं. आमच्या बाबांच्या तोंडात तीळ भिजत नसे.

दिगूदादा आत्याचा एकुलता एक मुलगा. नवरा लवकर गेला, तेव्हा सुकी मासळी विकून तिनं त्याला वाढवला. तो बोटीवर आचारी म्हणून लागला, पैसे पाठवू लागला, आणि एक दिवस पैशांबरोबर मनिलातल्या लग्नाचा फोटो आला. तो पाहून आत्यानं काय केलं ते सगळ्या वाडीनं पाहिलं. ती तडक विहिरीवर गेली आणि नेसत्या लुगड्यानिशी तिनं कळशीभर पाणी डोक्यावर ओतून घेतलं. आमच्याकडे जवळच्या कुणी गेल्याची बातमी कानावर आली की माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करतो. आत्यानं ती आंघोळ जित्याजागत्या मुलाच्या नावानं केली, आणि वर आख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “दिगू माका मेलो!” कुणीतरी पुण्यवंतानं ते त्याला कळवलं. त्यानंतर त्याची ना खबर, ना बात.

आत्याचा ताठा मोडण्यातला नव्हता. पण दर चवथीला, गणपतीच्या दिवशी, ती जेवणाचं एक पान जास्तीचं वाढायची. कुणासाठी म्हणून विचारलं की “मांजराक” म्हणायची. त्या घरात मांजर नव्हतं.

आणि आता बाबांचा फोन ठेवल्याबरोबर तिनं गुळाच्या पाकातले कडक खटखटे लाडू वळले, गावातल्या दुकानातून सुनेसाठी साडी घेतली, आणि ती बस पकडून माझ्या दारात हजर झाली. चहा पिता पिता म्हणाली, “माजा चुकला. तेच्या तोंडार सांगतलंय, चुकलंय. ह्या चवथीक मी तेका घराक घेवन जातलंय.” आत्या चुकले म्हणाली हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मला इतका आनंद झाला की मी तिच्या कपात चहावर चहा ओतत राहिले.

दुकानात त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. एका बाजूला शेगडीवर मोठा टोप खदखदत होता. पोरं ताटांचे फोटो काढत होती, एक कोरियन साहेब बायकोमुलांसह मान खाली घालून जेवत होता, आणि काउंटरमागून कुरियन सगळ्यांना “बसा, बसा” म्हणत होते, पण कुठे ते सांगत नव्हते. कोपऱ्यातलं एक टेबल रिकामं झालं. त्याला तीन खुर्च्या होत्या. आत्यानं एकीवर बैठक मारली, मला दुसरीवर बसवलं आणि तिसरीवर आपली पिशवी ठेवली.

“आत्या, गर्दी आहे. पिशवी खाली ठेव.”

“खाली कित्याक? दिगू खंय बसतलो मगे?”

“तो इथं असेल असं कुणी सांगितलं तुला? बोटीवर असेल.”

“रविवार आसा. बायल येवढी राबता, आणि तो घरात लोळत रवतलो? माजो झील आसा तो.”

ताट हातात घेऊन जागा शोधणारा एक चष्मेवाला मुलगा आमच्यापाशी आला. त्यानं तिसऱ्या खुर्चीकडे बोट दाखवून हिंदीत विचारलं, “ये खाली है?”

आत्यानं पिशवीवर हात ठेवला. “माणूस येतलो आसा,” तिनं ठासून सांगितलं. मुलाला भाषा कळली नाही, पण सूर कळला. तो निमूटपणे भिंतीला टेकून उभ्यानं जेवू लागला.

मग आत्यानं शेगडीकडे पाहिलं. मीही पाहिलं. मारिसेल बुटकी, सावळी, तिशीतली. काळा टीशर्ट, त्यावर निळा एप्रन, केस वर बांधलेले. घाम मनगटानं पुशीत ती ताटं भरत होती. हसत होती, पण ते हसू गिऱ्हाइकांपुरतंच होतं. माझं लक्ष तिच्या हाताकडे होतं. आत्याचं नव्हतं. तिनं टेबलाखालून माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली.

“गळ्यात बघ,” ती कुजबुजली. “बाय, गळ्यात बघ तिच्या.”

एप्रनच्या वर काळी पोत होती, मध्ये दोन वाट्या. आपलं, चारचौघींच्या गळ्यात असतं तसं मंगळसूत्र.

आत्यानं माझं मनगट सोडलं आणि खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. प्रवासभर, किंबहुना त्याच्याही आधीपासून, तिच्या मनात काय भीती होती ते मला तेव्हा कुठे कळलं. इतकी वर्षं मुलाची काहीच खबर नाही म्हटल्यावर आईचं मन नाही तिथं जातंच. त्या दोन वाट्यांनी ती भीती पार धुऊन काढली. तिनं डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते आणि ती हसत होती.

“बरो आसा दिगू,” ती म्हणाली. “कपाळार कुंकू नाय तां नाय, किरिस्तांव आसा, चलात. पण डोरलां आसा. बरो आसा माजो दिगू.”

मीही सुस्कारा सोडला. मलाही ते पटलं होतं. कुणाला पटलं नसतं?

मारिसेल आमच्याकडे आली. “पहली बार आए?” तिनं हिंदीत विचारलं. “सूप में मछली है. खट्टा है. चलेगा?”

“इचार तिका, आंबट कसला घातल्यान?” आत्या मला म्हणाली. आपण कोण ते तिला इतक्यात सांगायचं नव्हतं. आधी सून न्याहाळायची होती.

मी हिंदी जुळवत होते, तेवढ्यात मारिसेलच म्हणाली, “सोलां. आमच्या देशात चिंच घालतत. पण घोवान माका सोलांची सवय लावल्यान.”

आत्याचं तोंड उघडं ते उघडंच. लालबागच्या चाळीत वाढलेली मी, माझ्या मालवणीचं खोबरं कधीच झालेलं. आणि ही सातासमुद्रापलीकडची बाई आमसुलांना सोलां आणि नवऱ्याला घोव म्हणत आमच्या वाडीतल्या विहिरीवरचं बोलत होती. उच्चार थोडे वाकडे, पण शब्द जिथल्या तिथं. दिगूदादाला इंग्रजी जेमतेम यायचं आणि हिंदीचा कंटाळा. त्यानं बायकोला आपलीच भाषा शिकवून टाकली होती.

ती दोन वाडगे आणि भात ठेवून गेली. आत्यानं सूप फुंकून तोंडाला लावलं. मग भात कालवला. मग सगळं संपवलं. बाजूला वाटीत तेलात परतलेला जवळ्याचा काळपट लगदा होता, तो तिनं बोटानं चाटून पुसून खाल्ला.

“हात बरो आसा,” ती म्हणाली. आत्याच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी कधी ऐकली नव्हती. “मीठ कमी आसा. तां मी शिकवीन.”

मागच्या दारातून कुणीतरी पुरुष खोकं घेऊन आत आला. खोक्यामुळे तोंड दिसत नव्हतं. आत्या अर्धी उठली. खोकं खाली गेलं, तर मागे कुरियन. ती पुन्हा बसली, पण आता तिला धीर धरवेना. मारिसेल ताटं उचलायला आली तशी आत्यानं तिचा हात धरला.

“चेडवा, मी यमू मोंडकर. दिगूची आवस.”

मारिसेलच्या हातातलं ताट कललं. ते मी पकडलं. मग तिनं एप्रनला दोन्ही हात पुसले, वाकली, आत्याचा उजवा हात उचलला आणि आपल्या कपाळाला टेकवला. त्यांच्याकडे थोरांना असाच नमस्कार करतात हे मला नंतर कळलं. आत्याला ते सांगावं लागलं नाही. तिनं तोच हात सुनेच्या डोक्यावर फिरवला.

“तुमी इलास,” मारिसेल म्हणाली आणि तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. “इलास तुमी. बरां झालां.”

“रडा नको,” आत्या स्वतः रडत म्हणाली. “आता कशाक रडतंस? इलंय मां मी? ही माजी भाची, रोहिणी. तुझी नणंद. रोहिणी, उठ. काढ पिशयेतलां.”

हे आमचं घरीच ठरलं होतं. आत्या विधवा, म्हणून सुनेची ओटी मी भरायची. पण ती भर दुकानात, सूप पिणाऱ्या गिऱ्हाइकांच्या मधोमध भरायची असेल असं मला वाटलं नव्हतं. मी पिशवीतून साडी, नारळ, तांदळाची पुरचुंडी आणि हळदकुंकवाची डबी काढली. मारिसेलला पदर नव्हता. तिनं मी काय करते ते पाहिलं आणि एप्रनच दोन्ही हातांनी पुढे धरला. मी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. एप्रनमध्ये साडी ठेवली, नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले. शेजारच्या टेबलावरच्या मुलींनी मोबाइल वर केले. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग.

“अखंड सौभाग्यवती हो,” आत्या म्हणाली. “माज्या झिलाक उदंड आयुष्य मिळो.”

मारिसेलनं ऐकलं आणि ती गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. मी हसले. मला वाटलं, इतके अवघड शब्द तिला दिगूदादानं शिकवले नसतील.

“आता सांग,” आत्यानं पिशवी सरळ करून ठेवली. “दिगू खंय? बोटीर आसा? कधी येतलो?”

एप्रन तसाच दोन्ही हातांत धरून मारिसेल उभी होती.

“खंय आसा म्हणान इचारतंय मी.”

“तुमका ठावक नाय?” मारिसेलनं विचारलं.

“काय ठावक?”

“पण तुमी आंघोळ केलास मां?”

आत्याचा चेहरा उतरला. “सांगल्यान तर तुका,” ती म्हणाली. “होय गो, केलंय. रागान केलंय. तेचीच माफी मागूक इलंय. कान धरतंय मी तेच्यासमोर, बोलव तेका.”

मारिसेल हळूच खाली बसली. तिसऱ्या खुर्चीवर पिशवी होती, म्हणून ती आमच्या दोघींच्या मधे जमिनीवरच बसली, ओटी मांडीत घेऊन. ती बोलू लागली तेव्हा तिचा आवाज इतका खाली गेला होता की मला वाकावं लागलं.

“दिगू गेलो,” ती म्हणाली. “दोन पावसाळे झाले. बोटीर आजारी पडलो. कावीळ. मगे पोटात पाणी झालां. कंपनीन हय धाडून दिल्यानी. आमी हयच रवत होताव, नेरूळाक. आंघोळ खबर इल्यार करतत, म्हणान माका वाटलां, तुमका ठावक आसा.”

मला आधी त्यातलं एकच कळलं. दिगूदादा इथं होता. मी जिथं आता भाजी घेते, रिक्षा पकडते, तिथंच कुठेतरी तो पोट फुगून पडला होता, आणि देवगडची बस रोज हायवेवरून जात होती.

आत्या नुसती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. ते पाहून मी घाबरले.

“माका कळवूक नाय कोणी,” ती शेवटी म्हणाली. “कोणी नाय कळवल्यानी. कित्याक?”

“मी म्हटलेलंय. लय वेळा म्हटलंय, आवशीक फोन कर, बोलव तेका. कुरियनसायबान पण सांगल्यानी.”

“मगे?”

मारिसेल मांडीतले तांदूळ बोटानं गोळा करू लागली.

“सांग. काय म्हणालो तो?”

“तो म्हणालो, नको. आवशीन माजा सगळा आधीच केल्यान. एकदा केलेला तेका परत कशाक करूक लावतंस?”

शेगडीपाशी कुणीतरी आणखी सूप मागत होतं. कुरियननी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि ते स्वतःच डाव घेऊन उभे राहिले.

हे दिगूदादा रागानं म्हणाला की आईच्या मायेनं, ते मला आजही सांगता येत नाही. मारिसेललाही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडलेला होता.

“आग कोणी दिल्यान?” आत्यानं विचारलं.

“मी.”

“तू?”

“दुसरो कोण होतो?”

आत्यानं मान डोलावली, जसं काही कुणी तिला रस्ता सांगत होतं आणि तो तिला समजला होता. मग तिनं हात पुढे केला आणि मारिसेलच्या गळ्यातल्या वाट्यांना बोट लावलं.

“मगे ह्यां कसला?”

“दिगून घातलेलां,” मारिसेल म्हणाली. “मनिलाक, लग्नाच्या दिवशी. म्हणालो, ह्यां कधी काढू नको. मी न्हातानाय काढूक नाय.”

“घोव गेल्यार तां काढतत,” आत्या म्हणाली. आवाजात राग नव्हता. एखाद्या पोरीला घरातली रीत सांगावी तसं तिनं सांगितलं.

मारिसेलनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून होकार दिला. तो होकार देताना मला माझी लाज वाटली. तिच्या लेखी ती नवऱ्याची आठवण होती. आम्ही तिच्यात नवरा जिवंत पाहिला, त्याच्या भरवशावर अर्धा तास हसलो, जेवलो, ओटी भरली, आयुष्य मागितलं. मेलेल्या माणसाला उदंड आयुष्य मागितलं.

“माका कोणी सांगूक नाय,” मारिसेल पुटपुटली. “दुकानात येवढी लोकां येतत. कोणीच सांगूक नाय.” तिचे हात मानेमागे गेले आणि फासा शोधू लागले. तो सापडेना.

मला वाटलं, आत्या आता तिला ते काढू देईल. वाडीत नवरा गेलेल्या बाईचं कुंकू-मंगळसूत्र बायका कसं उतरवतात ते मी लहानपणी पाहिलं होतं, आणि करणाऱ्यांत आत्या नेहमी पुढे असायची.

तिनं मारिसेलचे दोन्ही हात धरून खाली आणले आणि मांडीतल्या नारळावर ठेवले.

“ऱ्हव दे,” ती म्हणाली. “तुझी ओटी भरली आताच. भरलेली ओटी परत घेतत नाय.” मग म्हणाली, “मी माजी आंघोळ परत घेवक इलेलंय. तीय घेवक मेळणा नाय.”

मारिसेल मोठ्यानं रडू लागली. आत्या रडली नाही. ती टेबलाला धरून उभी राहिली आणि इकडे तिकडे पाहत म्हणाली, “पाणी खंय आसा?”

मी ग्लास पुढे केला. तो तिनं बाजूला सारला.

“पिवक नको,” ती म्हणाली. “आंघोळीक होया. खबर आता कानार इली माज्या.”

“आत्या, घरी जाऊ. दहा मिनिटांवर घर आहे.”

“आयकलंय ती हय. घराक कशी जातलंय?”

तिच्याशी वाद घालायची हिंमत मला झाली नाही. मारिसेल उठली, ओटी टेबलावर ठेवली आणि आत्याचा हात धरून तिला मागच्या दारानं घेऊन गेली. मी पाठोपाठ गेले. मागे एक अरुंद बोळ होता आणि त्याच्या टोकाला मासे धुवायची मोरी. फरशीवर खवले चिकटलेले, कोपऱ्यात बर्फाची रिकामी खोकी, नळाखाली निळी बादली. आत्या त्या ओल्या फरशीवर फतकल मारून बसली. अंगावर चांगलं लुगडं, मुलासमोर जायचं म्हणून घडी मोडून काढलेलं.

“घाल,” ती म्हणाली.

मारिसेलनं तांब्या शोधला. तांब्या नव्हता. सूप वाढायचा एक मोठा डाव तिथं धुवायला पडला होता. तिनं तो बुडवला आणि आत्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. आत्याचा अंबाडा सुटला. पांढरे केस गालांना चिकटले. मागल्या वेळी विहिरीवर ती वाडीभर ऐकू जाईल अशी ओरडली होती. आता तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. मी जवळ जाऊन ऐकायचा प्रयत्न केला. ती नुसतं त्याचं नाव घेत होती.

“आणखी घाल.”

मारिसेल डावावर डाव ओतत राहिली. ती स्वतःही भिजली, एप्रन भिजला, कपाळावरचं मी लावलेलं कुंकू ओघळून नाकापर्यंत आलं. बादली संपली. आत्यानं पुन्हा भरायला सांगितली. दुसरी बादली संपली तेव्हा आत्याचे दात वाजत होते.

“उठ आत्या, बस झालं,” मी म्हणाले. “आजारी पडशील.”

“एकदा केलेला परत कशाक,” ती म्हणाली. हे ती कुणाला म्हणाली ते कळलं नाही. मग दोन्ही तळवे फरशीला टेकून तिनं उठायचा प्रयत्न केला, तो जमेना, आणि तेव्हा कुठे तिच्या छातीतून तो आवाज निघाला. मारिसेलनं तिला मागून मिठी मारली आणि दोघी तिथंच पाण्यात बसून राहिल्या. मी भिंतीला धरून उभी होते. माझं तिथं काही काम नव्हतं.

बऱ्याच वेळानं मारिसेलनं विचारलं, नवी साडी आणू का, ओटीतली, कोरडी आहे. आत्यानं नकारार्थी मान हलवली. “ती तुझी. पिशयेत माजां जुनां लुगडां आसा. रोहिणी, तां आण.”

मी आत दुकानात आले. तिथं सगळं तसंच चाललं होतं. एसीची थंडी अंगाला लागली. कोरियन साहेबाच्या मुलीला आइस्क्रीम हवं होतं. आमच्या टेबलावर ओटीचा नारळ आणि साडी, भोवती सांडलेले तांदूळ. तिसऱ्या खुर्चीवर पिशवी तशीच होती. मी ती उचलली तशी आत डब्यातले लाडू खडखडले.

तो मघाचा चष्मेवाला मुलगा अजून भिंतीपाशीच उभा होता. आता त्याच्याबरोबर त्याचा मित्रही आला होता. त्यानं जरा भीत भीतच खुर्चीकडे बोट दाखवलं.

“अभी कोई आनेवाला है?”

“नाही,” मी म्हणाले. “कुणी नाही. न्या.”

त्यानं खुर्ची उचलली आणि मित्राला बसायला दिली.